चुकांचा रकाना

एकतीस मेला कच्छवे सर रिटायर झाले.
शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ.
प्राचार्य बोलले, क्रिकेटसारख्याच एका खेळासाठी
सरांनी उभी हयात घालवली.
सर हसले.
हे हसू मला सत्तावीस वर्षांपासून ओळखीचं,
ग्रँट मागून रिकाम्या हातानं परत येतानाचं.

ते आले तेव्हा अख्ख्या सेलूत
बेसबॉल एकट्या त्यांनाच माहीत होता,
तोही पतियाळ्याला सहा आठवड्यांत शिकलेला.
होम प्लेट मी कापली
जिनिंगच्या जुन्या पट्ट्यातून, पाच कोपऱ्यांची.
ग्लोव्ह नऊ पाहिजेत, होते चार.
पाचवा बसस्टँडवरच्या किशनमामानं शिवला
फाटक्या पखालीच्या चामड्याचा,
एवढा जड, की झेल घेतला की पोरगं
आधी खांदा चोळायचं, मग चेंडू फेकायचं.

जमीन काळी. मार्चनंतर अशा भेगा
की एकदा आत गेलेला चेंडू
पोळ्याच्या आसपास वर आला.
सूत सर धरायचे, चुना मी मारायचो.
नव्वद फूट. वीतभर चुकलं की पुसायला लावायचे.
सर, इथं कोण मोजतंय?
"लिंबाजी, मोजणारा सांगून येत नसतो."
कुणीच आलं नाही मोजायला.
आम्ही मात्र दर शनिवारी मोजत राहिलो.

दर जूनला पोरं नवी.
मारलं की बॅट हातात धरूनच पळायची, क्रिकेटची खोड,
आणि सर मागून ओरडायचे, अरे सोड तिला, सोड!
मग रस्त्यानं जाणारे हसायचे,
घरची भांडणं ग्राउंडवर आणली म्हणून.
तीन-चार वर्षांतून एखादा पाच टक्क्यांतून
पोलिसात लागायचा, पेढे आणायचा,
सरांच्या पाया पडायचा आणि
माझ्यासाठी एक पेढा कागदात ठेवून जायचा.

काल स्टोअररूम झाडताना वह्या सापडल्या.
स्कोअरच्या. उंदरांनी कडा खाल्लेल्या.
त्यात चुकांचा एक रकाना असतो,
नुसता आकडा लिहायचा, असा नियम.
सरांनी आकडा लिहिलाय,
आणि शेजारी पेन्सिलीनं, मुंगीएवढं:
ऊन डोळ्यांत.
भेग.
बूट दोन नंबर मोठा, भावाचा.
सकाळपासून उपाशी. मी विचारायला पाहिजे होतं.
बहिणीची सोयरीक मोडली, परवा.
कारण नाही. झोपला होता.

आणि नांदेडचा तो अंतिम सामना.
मी पाण्याच्या कॅनपाशी होतो, सगळं पाहिलंय.
तिसऱ्या बेसजवळ सर हात गरगर फिरवत होते, जा, जा,
आणि मुखीद तांबोळी जीव खाऊन पळाला
आणि एका हातानं बाद झाला.
नंतर किती वर्षं गावात बोललं गेलं,
मुखीद जड, मुखीदनं घालवलं.
वहीत त्या दिवशी सगळ्या पोरांच्या नावांखाली
पट्टीनं आखलेली एक जादा ओळ आहे.
नाव: मु. रा. कच्छवे. चूक: एक.
शेजारी काहीच नाही.
ना ऊन, ना भेग.

मी मुखीदला फोन केला.
तो कुठंतरी हार्वेस्टरवर होता, लई आवाज.
दोनदा वाचून दाखवलं.
म्हणाला, माहीत हाय की.
त्या रात्री एसटीत सर माझ्या शेजारी बसले,
एक शब्द नाही.
परभणी गेल्यावर पिशवीतून पेरू काढला, फोडला,
मोठा अर्धा मला दिला.

नवीन सर अजून नाहीत, जागा भरणार नाहीत म्हणे.
ऑफिसनं डेड स्टॉकची यादी मागितली, मी दिली:
बॅटा सहा, पैकी दोन तडकलेल्या.
ग्लोव्ह अकरा. होम प्लेट एक.
वह्या यादीत नाहीत.
त्या सायकलच्या कॅरियरला बांधल्यात,
संध्याकाळी सरांच्या घरावरून जाईन म्हणतो,
देईन, किंवा नाही देणार.
चुना अर्धं पोतं शिल्लक.