खटका

चावी आधी खिशात, म्हणतो इनास,
ट्रॅक्टरला नव्हे, तुझ्या खिशात.
मग वाक.

कुडतरीचं वायंगण. तळीचं पाणी
पाटानं बांधापर्यंत आलंय.
वर रस्त्यावर भाटकार घड्याळ बघतोय,
भाडं तासाचं.

मी पीटीओचा शाफ्ट उचलतो, मांडीवर घेतो.
दाते दात्यांत बसत नाहीत.
इनास पुढे होत नाही, नुसता सांगतो,
फिरव थोडा. बळ नको, अंदाज घे.
लाईट गेल्यावर कुलपात चावी चाचपतोस ना, तसा.

कॉलर मागे धरून ढकलतो, सोडतो, आणि
टक्.
एवढासा आवाज. शेजारचा बगळाही उडत नाही.

झालं, मी म्हणतो.
जालें ना. आता ओढ.
निघावा म्हणून ओढ, निघू नये म्हणून नव्हे.
मी ओढतो. निघत नाही.
रोटाव्हेटरकडूनही ओढायला लावतो,
मग गार्डची साखळी अडकवून घेतो:
आतला दांडा फिरू दे, वरचं पिवळं प्लास्टिक
जागचं हलता नये.

शर्ट खोच.
त्याच्या डाव्या बाहीला कोपराखाली
बटण नाही, शिवण आहे.
कुणी घातली, एकदा विचारलं होतं.
म्हणाला, मीच. मशीन पायाचं आहे.

भाटकार हॉर्न देतो.
इनास मान वळवत नाही.
परत एकदा ओढ, म्हणतो.
मी परत ओढतो.

मग तो बांधावरून चालत
बराच लांब जाऊन उभा राहतो,
आणि मी खिशात चावी शोधतो.