करंगळी

ब्रेस्टच्या अलीकडे, पहाटे तीनला,
ग्वेनोलाची करंगळी गेली.
म्हणजे होती जागेवरच, हँडलवर,
पण हाक मारली तर ओ देईना.
शेजारची अनामिकाही तिच्या नादी लागलेली.
बेकरीच्या पायरीशी उतरली
तर जॅकेटची चेन लागेना.

रात्रभर सायकलवाल्यांसाठी
कॉफी उकळत बसलेला गुल्वेन
म्हणाला, दाखव हात.
आणि हाताकडे न बघता
सायकलपाशी उकिडवा बसला.
सीटचं नाक खाली गेलेलं.
पान्याने ते वर आणलं, जरासंच.

मला वाटलं, आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

'तू पुढे घसरत होतीस,' तो म्हणाला,
'तळहात तुला मागे रेटत होते.
दोन बोटांनी अख्खं माणूस
किती वेळ तोलायचं?'
मग हँडलही बोटभर उचललं.
'कोपर सैल. आणि चर्च दिसलं की
पकड बदलायची. प्रार्थना नको करूस,
पकड बदल.'

तिसऱ्या चर्चपर्यंत काही नाही.
पाचव्यापाशी मुंग्या,
मनगटावरून रांगेने
घरी परतणाऱ्या.

उजाडता उजाडता उतार आला.
दवाने गार पडलेला ब्रेक
करंगळीला
लागला.