खिडकी उघडते का?

पूर्वी लोक विचारायचे,
जहाजावर कांदा-लसणाशिवाय मिळतं का,
दिवस मावळायच्या आत जेवण होईल का.
आता खुर्ची ओढायच्या आधीच विचारतात,
खिडकी उघडते का?

विश्रामबागेत माझं ऑफिस, झेरॉक्सच्या शेजारी.
भिंतीवर एक पांढरं जहाज.
उन्हानं त्याचा समुद्र इतका विटलाय
की आता कृष्णाच वाटते,
आयर्विन पुलाखालची, मे महिन्यातली.

भूपाल मगदूम, हळदीचे अडते.
मार्च वीसचं बुकिंग, लक्षद्वीप,
दोन माणसं, बाल्कनीची खोली.
पैसे मोजताना म्हणाले होते,
"पुरात गच्चीवरून होडीत बसलो,
मांडीवर देव आणि मिक्सर घेऊन.
आता एकदा हौसेनं बसू."

मग टीव्हीवर ते दुसरंच जहाज,
कुठल्याच बंदराला नको असलेलं,
गोल खिडक्यांतून हात हलवणारी माणसं.
मगदूम ती बातमी रात्री पुन्हा लावून बघायचे.
पुढच्या वर्षी स्वतःच वरच्या खोलीत, सतरा दिवस.
दाराशी ताट ठेवल्याचा आवाज,
जिना उतरणारी पावलं.

"झालं की माझं क्रूझ," म्हणतात.
"तुमच्यात टॉवेलचा हंस करून ठेवतात,
तेवढाच काय तो फरक."

पैसे परत देते म्हटलं, तर नको.
मग जाऊन या म्हटलं, तर गप्प.
रविवारी हरिपूरला जातात, संगमावर,
नावेत बसतात, जाऊन-येऊन.
"पलीकडचा काठ दिसतो," म्हणतात,
"आणि नावाड्यालाही जेवायला घरी जायचं असतं."

पद्मावतीकाकूंचा फोन दुपारी येतो,
ते झोपले की. आवाज एकदम खाली.
"रद्द करू नको गं.
कोंडलं होतं ते त्यांना.
मी तर जिनाच चढत-उतरत होते, सतरा दिवस,
दोन वेळची ताटं घेऊन.
मला कुणीतरी आयतं वाढलेलं खायचंय,
आणि समोर नुसतं पाणी.
काठ नसला तरी चालेल."

मी फाईल काढते.
तारखेच्या चौकटीत खोडायला जागा उरलेली नाही,
म्हणून नवा कागद टाचते. पुढचा मार्च.
कंपनीला लिहिते,
कृपया कळवावे, खोलीच्या दाराला
कडी आतून असते की बाहेरून.

उत्तर लगेच आलं.
आपण दाखवलेल्या उत्सुकतेबद्दल आभार.
सोबत एक फोटो,
पलंगावर टॉवेलचा हंस,
मान वाकडी, दाराकडे.