मीटरच्या भावाने

अडतीस हजार चारशे, शिलाई धरून.
शरणपूर रोडवरचा दुकानदार
कापडामागे बॅटरी पेटवून म्हणाला,
"बघा, सुईएवढाही उजेड येत नाही."
मी किमतीची चिठ्ठी बघत होतो.
प्रफुल्ला बॅटरी बघत होती.

सिन्नरहून इंदूताई आली, काठ चाचपले.
"जर नाही, बुट्टा नाही,
एवढ्यात अंगठी आली असती."
आली असती, खरंय.

पण अंगठी डोळ्यांवर ओढून झोपता येत नाही.
अकरा वर्षं ही नाइट ड्यूटी करून
साडेआठला घरी येते,
आणि खिडकी अशी की पाथर्डी फाट्याचं
सगळं ऊन आमच्याच गादीवर.
डोळ्यांवर ओढणी, ओढणीवर उशी,
खाली भंगारवाला.

(भंगारवाल्यावर पडद्याचा इलाज नाही.
दुकानदार तसं बोललाही नव्हता.)

आता दुपारी अंबडहून जेवायला येतो
तेव्हा किल्ली हळू फिरवतो,
विकतच्या अंधारात टीपॉयला ठेचकाळतो,
शिवी गिळतो.
पांडवलेणीचा डोंगर दिसत नाही दिवसभर.
त्या डोंगराचेही पैसे
बिल्डरने वेगळे लावले होते.

परवा पाचला उठली,
केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी,
म्हणाली, "उजाडलं का रे?"
मी पडदा सारला. कड्या खळखळल्या.
डोंगरावर तिरपं ऊन होतं,
ती बराच वेळ त्याच्याकडे
पहाट असल्यासारखी बघत राहिली.

हप्ते सात राहिलेत.