पावणेबावीस

व्हर्लने गिरमिट उपसलं.
भोकातला चुरा झाऱ्याने काढत राहिला,
तळणीवर उभं राहावं तसा, निगुतीने.

पंधरा इंचांच्या आतले दोन न्या,
बावीसच्या वरचा एक.
मधले सगळे पाण्याचे.
धरणावरची पाटी निम्मी बर्फात बुडाली आहे,
सासऱ्यांना ती पाठ आहे.

दोनच्या सुमाराला काठीचं टोक वाकलं.
ट्राउट वर आला, गळ्याखाली लाल चीर,
पट्टीवर आडवा पडून कल्ले हलवत राहिला.
"वाच, ट्वायला."
चष्म्यावर वाफ होती. त्याने ती पुसली नाही.

शेपटी चिमटीत धरून पाहिली,
नाक फळीला टेकवून पाहिलं,
पावणेबावीस.
मैलभर कोणी नाही. वॉर्डनची गाडी
मंगळवारनंतर फिरकलेली नाही.
आणि ऑक्टोबरात याच्या पिकअपची किल्ली
"हरवली", तेव्हा
माझी जीभ कुठे अडखळली होती?

"पावणेबावीस," मी म्हणाले.
"ठाऊक आहे. अंगठा खुणेवरच होता माझा."

मासा डोक्याकडून सोडला.
काळ्या पाण्यात एकदा पोट चमकलं.
भोकावर साय धरायला लागली होती.
त्याने झारा माझ्या हातात दिला,
थर्मास उघडला,
आणि किल्लीबद्दल
आजही काही विचारलं नाही.