अंतिम वापर

राजाराम बंधाऱ्यावर पाणी त्रेचाळीस फुटांवर गेलं
त्या रात्री आम्ही यंत्र उचललं.
शिरोलीची शेड, चौदा माणसं, दोन क्रेन,
आणि मधोमध रियाज शिकलगार,
भरलेलं तुपाचं पातेलं उतरवताना सांगावं तसा
हळू, अजून हळू.
साडेतीन फूट वर, अकरा फूट पश्चिमेला,
नव्या ओट्यावर.
पाणी आलं, ओट्याच्या दुसऱ्या विटेला टेकलं,
चौथ्या दिवशी गाळ ठेवून गेलं.
यंत्र कोरडं ठणठणीत.

वीज आली. बटण दाबलं.
पडद्यावर एकच ओळ:
जागा बदललेली आढळली. यंत्र बंद.

त्याच्या पोटात काटा असतो,
हलवलं की त्याला कळतं.
करारात होतं, पान एकतीस.
ऑफिसात ते पान वाचलेली मी एकटी.
कुणी हे उचलून भलत्या मुलखात नेऊ नये,
तिथं क्षेपणास्त्रांचे भाग कापू नयेत,
म्हणून जपानात कुणीतरी बसवलेला काटा
आमच्या पंचगंगेला चोर समजला.

या यंत्रावर आम्ही एक कडं करतो.
ॲल्युमिनियमचं, भाकरीच्या तव्याएवढं.
ड्रॉइंगवर नाव नाही, नुसता नंबर,
कोपऱ्यात शिक्का: अमुक देशांना देऊ नये, दाखवू नये,
फोनवर वर्णनही करू नये.
रियाजनं एकदा विचारलं,
हे नक्की करतंय काय ओ मॅडम?
मी शोधून ठेवलं होतं. म्हटलं,
चिप बनवायच्या यंत्रात बसतं,
आतली हवा काढली की परत आत येऊ देत नाही.
म्हणजे काहीच नसलेलं राखत बसतंय,
तो म्हणाला, आणि मायक्रोमीटर पुसून पेटीत ठेवला.

दर खेपेला फॉर्म मी भरते.
अंतिम वापर काय. अंतिम वापरकर्ता कोण.
त्याचा पत्ता. त्याच्या पलीकडच्याचा पत्ता.
सही मगदूम साहेबांची,
पण शपथ आपणच घेतली असं मला वाटत राहतं.
निपाणीच्या पुढं न गेलेली मी
कुठल्या कुठल्या बंदरांतल्या लोकांची हमी देते.

पुण्याचा माणूस येईपर्यंत काम नव्हतं.
पायरीवरचा गाळ खरवडत रियाज सांगत होता,
त्याचा आजा कागलच्या बाजारात पायानं चाक फिरवायचा.
विळे, अडकित्ते, न्हाव्याचे वस्तरे.
काय कापणार म्हणून कुणाला विचारायचा नाही.
एकदाच, दिवेलागणीला, एकजण कोयता घेऊन आला.
आज्यानं कोयत्याकडं बघितलंच नाही,
त्याच्या तोंडाकडं बघितलं
आणि म्हणाला, दगड ओला आहे. उद्या ये.

ओला होता?
मे महिना होता मॅडम.

मग, दुसऱ्या दिवशी आला?
आला की. कडबा तोडायचा होता त्याला.
बैलं रात्रभर उपाशी.
आज्यानं फुकट धार लावून दिली,
पण पुढं तो मुरगूडच्या बाजारात जायला लागला,
आणि मग म्हणे त्यानं घरीच दगड बसवला.

मी काही बोलले नाही.
सात कडी अर्धी कापलेली, कपाटात, तेलकट कागदात.

आता रोज सकाळी तो पडद्यासमोर उभा राहतो,
ती ओळ वाचतो,
पोरांना ओरडून सांगतो, अजून ओलाच आहे रे.

फॉर्म आला. हलवण्याचं कारण:
विक्री, हस्तांतर, स्थलांतर, इतर.
इतरवर खूण केली. फोटो जोडले,
भिंतीवरच्या गाळाच्या रेघेचे, फूटपट्टी धरून.
तिकडून विचारणा आली,
या हालचालीस कारणीभूत अन्य पक्षांची नावं
पत्त्यासह कळवावीत.

चौदा जणांची लिहिली. क्रेनवाल्यांची लिहिली.
मग पंचगंगा लिहिलं,
खोडलं. तिचा पत्ता काय देणार,
त्या चार दिवसांत तर आमचाच होता.
पुन्हा लिहिलं.