नोंद : चढाईपटू क्रमांक सात

घाटंजीचं मैदान. बाजूच्या जिनिंगमधला कापूस उडून
घामावर चिकटलेला.
कुमरे. बी.ए. दुसरं वर्ष. वजन अडुसष्ट.
हात लांब, बोनस सहज.
उडी मारून उतरताना डावा गुडघा कचरतो,
मातीत खपतं ते. मॅटवर उघडं पडेल.

कोच म्हणतात, "पोट्टा लय भारी हाये, सायेब."
असेल.
पण परतण्याआधी तो मध्यरेषेकडे बघतो,
मुरलेला कोपरारक्षक तेवढंच हेरतो.

शेवटच्या चढाईत तिघांखाली दबला.
रेषा वीतभर लांब.
शिट्टी वाजून गेली
तरी बोटं माती ओढतच होती.

'पुढच्या वर्षी पुन्हा पाहणे', मी लिहिलं.
खालच्याच रकान्यात जन्मतारीख :
पुढच्या वर्षी वयात बसत नाही.

पेनाचं टोपण
बराच वेळ सापडेना.